सिरिलचं हँडल

हॅलिफॅक्सच्या, दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात, पैसे द्यायच्या रांगेत, माझ्यापुढे एक गृहस्थ जुना ग्रामोफोन कवटाळून उभे होते. काठी टेकत एक आजी थेट त्यांच्याकडे आल्या.

“अहो, तो माझा आहे. मी इस्पितळात असताना मुलानं घर आवरलं नि हा इथं देऊन टाकला.”

“बाई, वीस वर्षं अशी दुकानं पालथी घातली, तेव्हा सापडलाय! तुमचाच कशावरून?”

“चावी द्यायचं हँडल आहे त्याला?”

“नाही.”

“हे घ्या. माझा नवरा सिरिल गेला, तेव्हापासून पर्समध्येच असतं.”

“अरेच्चा, बसलं की बरोबर! न्या बाई, तुमचाच.”

“फार उपकार झाले हो. रविवारी चहाला या.”

“कशाला उगाच त्रास?”

“त्रास तुम्हालाच. माझा खांदा मोडलाय, चावी कोण देणार?”