पयते त पयते, पन रस्त्याची हाय का?

…मंग कंबर धरून चालू नाई त काय नाचू? तुमीच सांगा. रोज जो भेटते थो एकच इचारते, वच्छला आजी, पडल्या का? अरे पडली असती त बरं झालं असतं बापा, पडलेला मानूस एका जागी त राह्यते! मले त माह्या सख्ख्या नातवानं, या धम्मपालनं, लग्नातल्या लाल पलाष्टिकच्या खुर्चीवर बसोलं, थे खुर्ची गाडीत तारानं बांधली, मले खुर्चीले चार पट्ट्यानं बांधलं, अन् मेडशीहून रिसोडले नेलं. तुमी म्हनसान, गाडीत खुर्ची काहून? गाडीले सीट नसते का? असते नं. तुमच्या-आमच्या गाडीले असते. याच्या गाडीची यानं काहाडून फेकली होती. वजन होते म्हने.

तुम्हाले सांगतो, पहिल्यापासून ऐका, नाईतर मलेच येडी म्हनसान.

धम्मपालचं मेडशीच्या नाक्यावर वेल्डिंगचं दुकान. ट्रॅक्टरची ट्राली बनवावी त त्यानंच, दहा गावात नाव. पन दोन वर्साआंधी त्याच्या डोक्यात शिरलं की आपन अशी गाडी बनवाची का जिल्ह्यात तिच्या पुढं कोनी जाऊ नाई. एक जुनी कार आनली, तिच्यात कोन्या पलटी झालेल्या मोठ्या गाडीचं इंजन बसोलं, अन् मंग लागला काहाडाले. आपली सोडून बाकी सीट काहाडली, काच काहाडले, दरवाजे काहाडून पत्रे ठोकले, आत जाचं त खिडकीतून. हारन काहाडला. लाइट काहाडले अन् त्या जागी लाइटाचे फोटो चिकटोले! म्या इचारलं, बापा, फोटोनं उजेड पडते का? त म्हने, आजी, रेस दिवसा असते.

अन् थे रेस तरी कशी? आपल्या बैलाच्या शंकरपटावानीच समजा. दोन गाड्या, नाकासमोरचा रस्ता, झेंडी पडली की सुटाचं, अन् दहा-अकरा सेकंदात खतम. मी पाहाले गेली होती एकदा. धूर असा उडाला की मले शिंक आली, पदर तोंडाले लावला, शिंकली, डोये उघडले… त रेस होऊन गेलती. नातू पहिला आला म्हने. आला असन. मी शिंकत होती.

तवा थो भोंग्यावरचा मानूस घसा फाडून वरडे, "पैला नंबर, मेडशीचे धम्मपाल भाऊ, त्यायची इस्ट्रीट कार!" मले ऐकू आलं इस्त्री कार. म्या म्हनलं, इस्त्रीची गाडी? मंजे बाईची? मंग बाई कुठी हाय? का कपड्याच्या इस्त्रीवानी तापते म्हनून? घरी आल्यावर मंजुषाले इचारलं. मंजुषा मंजे धम्मपालची बायको, येष्टीत कंडक्टर हाय, रिसोड-अकोला गाडीवर. भरल्या गाडीत कोनाचं गाव मागं गेलं थे तोंड पाहून सांगते अशी पोरगी. थे हासली बी नाई. म्हने, आजी, इस्त्री नाई, स्ट्रीट. स्ट्रीट मंजे रस्ता. रस्त्याची गाडी म्हनून राह्यले थे तिले.

आता मी शाया न शिकलेली बाई, डोयाले दिसलं थे बोलली. म्हनलं, बाई, पयते त पयते, पन रस्त्याची हाय का? थे त मेडशीहून मैदानात ट्रालीत बसून गेली! खरंच सांगतो, ट्रॅक्टरच्या मागं, ट्रालीत, आंगावर ताडपत्री घेऊन, अन् ट्रॅक्टर एका बैलबंडीच्या मागं… जे गाडी जिल्ह्यात सगळ्यात जोरात पयते, थे बैलाच्या मागं रांगेत!

झालं. माह्या तोंडातून निंगालं अन् मंजुषानं धरलं. धरन नाई त काय करन? दोन वर्सात थो तिच्यासंगं कुठीच गेला नोयता. तिच्या माहेरी मानोऱ्याले नाई, बहिनीच्या लग्नाले गेला थो जेवून वापस, इंजनाचं आइल बदलाचं होतं म्हने. तिची सुट्टी मंगळवारी, याचा मंगळवार गाडीचा. बुधवार बी गाडीचाच. तिनं ताट वाढलं, त्याच्यापुढं ठेवलं, अन् हळूच बोलली.

"सोमवारी आजीले रिसोडच्या बाजारात ने. रस्त्यानं. ट्राली नाई, धक्का नाई. पोचली त मी मानन तिले रस्त्याची गाडी, अन् तिच्यातच बसून माहेरी जाईन. नाई पोचली त तुह्याच कटरनं तिचे तुकडे कराचे. तुह्या हातानं."

अन् थो हो म्हनला! म्या पाह्यलं, त्याचा घास हातातच राह्यला, पन हो म्हनला. साक्षीदार कोन? आजी. काहून त म्हने आजी खोटं बोलत नाई. अन् आजीची कंबर? थे कोनी इचारलंच नाई.

सोमवारी मले खिडकीतून आत घातलं, जसं भित्तीतल्या फडताळात लोनच्याची बरनी ठेवते तसं. इंजन चालू केलं त नाक्यावरचे कुत्रे उठून उभे झाले अन् एक बुढा चहा सोडून पयला. निंगालो. किती गेलो असन? गावातल्या पहिल्या ब्रेकरपर्यंत. गाडीचं पोट जमिनीले टेकलेलं, थे ब्रेकरवर अशी बसली की पुढचे चाकं इकडं हवेत अन् मागचे तिकडं हवेत, मी मधात खुर्चीवर झोके खाऊन राह्यली! पयते त पयते, पन रस्त्याची हाय का? रस्ता सुरू नाई झाला अन् गाडी पाळना झाली.

पोट्टे आले धक्का माराले. धम्मपाल आतून वरडला, हात लावू नोका, धक्का नाई चालत! मंग काय कराचं? पोलीस पाटील दौलतराव तथीच दाढी करून राह्यले होते, अर्ध्या तोंडाले साबन तसाच, आले, चहुकडून फिरले, वाकून पाह्यलं, अन् निकाल देल्ला की धक्का मंजे मागून असते, हे त खालून उचलनं हाय, याले धक्का म्हनता येत नाई. चार जनानं उचलून पुढं ठेवली. मी आत. मले म्हने, आजी, तुमी आंग हलकं करा. कसं करतेत आंग हलकं? तुम्हाले येते का?

मेडशी ते मालेगाव, ब्रेकर किती? नऊ. नऊ वेळा पाळना, नऊ वेळा दौलतरावाचा निकाल नव्या मानसाले समजून सांगाचा.

अन् हळू चालली की तापे! त्या गाडीले दोनच गोष्टी येतेत, उभं राहनं अन् उडनं, चालनं तिले कोनी शिकोलंच नाई. दर दोन कोसावर थांबाचं, तोंड उघडाचं, पानी पाजाचं. माह्या प्याची बाटली तिनंच पेली. बकऱ्या आडव्या आल्या त हारन नाई, म्हनून बांधल्या जागेवरून खिडकीकडं तोंड करून मीच 'हुर्र हुर्र' करे. एक बकरीवाला मले म्हने, आजी, तुमी हारन हा का? हो बापा, म्हनलं, वजनात बसते म्हनून मले ठेवलं.

तरी मालेगाव मागं गेलं. धम्मपालच्या तोंडावर जरा रंग आला. म्हने, आजी, जमते. अन् त्याच वेळी समोर येष्टी.

आता तथी काय झालं थे नीट ऐका. दिवस सोयाबीनचे. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वायत घातलेलं, कडंनं गोटे मांडलेले, अन् जगदेव बुढा काठी घेऊन राखनीले बसलेला. त्याच्या दान्यावर चाक गेलं त थो चाकाले सोडन, मानसाले नाई सोडनार. राह्यला अर्धा रस्ता. त्यात इकडून आमी, तिकडून येष्टी, नाकाले नाक. येष्टीचा डायवर हेमसिंग, थो खिडकीतून म्हने, लहान गाडीनं मागं घ्याची. कायदाच हाय, अन् साधी गोष्ट हाय.

 धम्मपाल स्टेरिंग धरून बसला, गाडी जागची हालेना. तवा येष्टीचं दार उघडलं अन् कंडक्टर उतरली. कोन? मंजुषा! दुसरी कोन असनार, त्याच टायमाची गाडी तिची. खांद्याले बॅग, गळ्यात शिट्टी, सीधी खिडकीपाशी आली.

"मागं घे नं."

"रिव्हर्स नाई."

"नाई मंजे?"

"काहाडला. वजन होत होतं."

मंजुषा खिडकीत वाकली. मंग बोलली, आवाज एवढासा.

"माहं बी वजन हाय, धम्मपाल. मले कवा काहाडतू?"

बापा… येष्टीतले सारे खिडक्याईले डोके लावून पाहून राह्यले, जगदेव बुढा बी सोयाबीन राखाचं सोडून उभा झाला, अन् माहा नातू, चांगला सहा फुटाचा मानूस, त्याची मान खाली. म्हने, चूक झाली. मागं जाता येईन असं ठेवाले पाह्यजे होतं. आता हे गाडीचं बोलला का आनखी कशाचं, थे मले नोका इचारू, मी बांधलेली होती. पन माह्या डोयासमोर त्याचा कटर आला. संध्याकायी तुकडे होनार, अन् मी कंबर बी गमावली अन् गाडी बी.

तेवढ्यात खिडकीतून एक गाठोडं आत आलं. मेथीचं. धपकन माह्या मांडीवर! मागून पाय आले, मंग घागरा, मंग आख्खी बाई. बाजूच्या तांड्यावरची गोमतीबाई. चढली, मागं पत्र्यावर फतकल मारून बसली, अन् मले म्हने, जरा सरक वो माय. सरक! मले चार पट्टे!

धम्मपाल म्हने, काकू, उतरा, हे रेसची गाडी हाय.

"असू दे," गोमतीबाई म्हने, "मले घाई नाई."

तुम्हाले सांगतो, मंजुषाचं तोंड असं होतं जसं पावसात उभी, अन् थे एकदम हासली. दोन वर्सात मी तिले तशी हासताना पाह्यली नोयती. गोमतीबाईले इचारते, कोनाची गाडी हाय माहीत हाय का? गोमतीबाई म्हने, मले काय कराचं, रस्त्यावर उभी होती, तोंड रिसोडकडं होतं, हात दाखोला अन् बसली.

"झालं मंग," मंजुषा म्हने. "हात दाखोल्यावर मानूस बसते, थे रस्त्याची गाडी. मी रोज तिच्यावरच नोकरी करतो."

धम्मपाल म्हने, पन मागं…? थे म्हने, मागं मी घेतो. अन् गळ्यातली शिट्टी तोंडात धरून येष्टीच्या मागं जाऊन उभी झाली, शिट्ट्यावर शिट्ट्या, अन् हेमसिंग काय काय पुटपुटत आख्खी येष्टी मागं सरकोत नेली, पार लिंबाच्या झाडापर्यंत. आमी निंगालो. बाजूनं जाताना तिनं पत्र्यावर दोन थापा मारल्या, डबल बेल देल्यासारख्या. पोचलो रिसोडले. बाजार उठून गेला होता, पन पोचलो.

मंग खुश राहावं का नाई? गाडी वाचली, पुढच्या मंगळवारी दोघं मानोऱ्याले गेले, तिनं बाजूले नवी सीट बसोली, त्यानं रिव्हर्स बसोला, हारन बी आला, मी सुटली. पन गोमतीबाईनं तांड्यावर सांगतलं, जगदेव बुढ्यानं मालेगावात सांगतलं, अन् आता त्या रस्त्यावर कोनी असा नाई जो थे गाडी पाहून हात दाखोत नाई. अन् हात दाखोल्यावर मानूस बसते म्हनूनच बायकोनं गाडी वाचोली, मंग थो थांबनार नाई त काय करन? परवा मोठी रेस होती, सकायी निंगाला, मैदानात पोचला दुपारी, आत सात मानसं, एक बोकड अन् कोनाची तरी शिलाई मशीन. तवापर्यंत मांडव सोडून राह्यले होते.

आता पोट्टे मले इचारतेत, आजी, मजा हाय तुमची, घरी जिल्ह्यातली सगळ्यात जोरात पयनारी गाडी, दवाखान्यात कशानं जाता?

घाई असली की येष्टीनं जातो बापा.