मामांनी काढलेली पॉलिसी

विम्याचं नाव काढू नका माझ्यासमोर. नामपूरच्या मुलाशी माझं लग्न ठरलं होतं, सुपारीही फुटली होती. मुलाचे मामा विमा एजंट. एका रविवारी सिडकोत आमच्या घरी आले. म्हणाले, "सूनबाई, तुमची पॉलिसी काढून टाकू. तब्येतीचं मात्र काही लपवायचं नाही, नाहीतर पुढे क्लेम अडकतो."

बघण्याच्या कार्यक्रमात गप्प राहिलेले पप्पा विम्यासाठी म्हणून खरं बोलले. "लहानपणी तिला फिट यायच्या. आता कित्येक वर्षं गोळीसुद्धा नाही."

मामांनी शांतपणे लिहून घेतलं, पोहे संपवले, पहिल्या हप्त्याचा चेक खिशात घातला. "हप्ता थोडा जास्त बसेल, बाकी काही अडचण नाही."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन. "गुरुजी म्हणतात, पत्रिका जुळत नाही."

अहो, जुळली म्हणून तर सुपारी फोडली होती!

पॉलिसी मात्र आली. कंपनीने जादा हप्ता लावून का होईना, मला पत्करलं.

परवा मामांचा फोन आला. "मॅडम, हप्त्याची तारीख जवळ आलीय."

सूनबाईची मॅडम झाले होते मी. म्हटलं, "भरते की. पण मामा, आधी गुरुजींना विचारा, तुमच्या कंपनीशी तरी माझी पत्रिका जुळते ना?"