सावकाश पिन

साहेब, भूकंपानंतर तुमच्या कचेरीनं मेलेल्या माणसांचे फोटो फाइलीला लावायला नेले आणि एकही परत दिला नाही. काल लातूरला कंप्युटरच्या दुकानात माझ्यापुढं एक म्हातारा होता. त्याचं आणि दुकानदाराचं बोलणं ऐकलं तसं लिहितो.

“दगडोबामामा, लग्नाची कॅसेट उतरवली. आता हार्ड डिस्क कोणत्या पिनची देऊ?”

“शारिकभाई, मला काय कळतंय? नांदेडला माझ्या पुनमच्या कंप्युटरला बसंल ती द्या.”

“तिच्याकडं दोन्ही बसतात. एक जुनी पिन, सावकाश चालती. ही नवी लई फास्ट हाय.”

“तिची आई दिसली का त्यात?”

“हाव. पदर खोचून जिलबी वाढत येती. अकरा सेकंद.”

“अकराच?”

“मग पुढं सगळा बँडच हाय.”

“लग्न माझ्या मेव्हण्याचं, अन् त्या कॅमेरावाल्याला बँडचंच कवतिक! पुनम भूकंपात आठ महिन्यांची होती, शारिकभाई. आईचं तोंड तिला ठावं न्हाई. एकच फोटो होता, तो कचेरीत गेला.”

“मग मामा, कोणती देऊ?”

“सावकाश पिन द्या. सिंधु तेवढीच जरा हळू चालंल.”

“मामा, पिननं चित्र हळू चालत न्हाई, नुसती कॉपी…”

“काय झालं? तसली संपली का?”

“न्हाई मामा, हाय ना. सावकाशच देतो.”

“द्या. लई घाईनं चालायची ती.”

साहेब, सिंधुचा तो फोटो कोणत्या फाइलीत आहे? उत्तर द्या.