रिफ्कीकाकांनी पाहिलेलं जनावर

...आता तुम्हीही शेपटीचंच विचारणार, मला माहीत आहे. विचारा, सगळ्या गावाने विचारलं, तुम्हीच का मागे राहायचं... पण तुम्हाला सांगतो, माणूस सकाळचा आपल्या बदामाच्या बागेत छाटलेल्या काटक्या गोळा करतोय, कंबर धरलीय, जरा सरळ व्हावं म्हणून मान वर करतो, तर समोर दगडी बांधावर एक जनावर उभं, आणि ते माझ्याकडे बघतंय. तोंड माझ्याकडे. आता तोंड माझ्याकडे म्हटल्यावर शेपटी कुठे असणार? मागेच असणार ना? की मी त्याला सांगायचं होतं, बाबा रे, जरा वळतोस का, गावात विचारतील?

बाकी सगळं पाहिलं मी. रंग भाजलेल्या विटेचा. अंगाने मांजरासारखं, पण तीन-चार मांजरं एकत्र केल्यासारखं. पाय लांब. आणि कान... काय कान होते ते. उंच, टोकदार, मागून काळेकुळकुळीत, आणि टोकाला केसांचे गोंडे. त्याने एक कान फिरवला, मी डोळे मिचकावले, आणि ते गेलं. बांध रिकामा.

घरी आलो. माझी बायको नादिदे अंगणात ऑलिव्ह निवडत होती. म्हटलं, अगं, आज बागेत एक जनावर पाहिलं. तिने मान वर केली नाही. "कसलं?" म्हटलं, मांजरासारखं, पण मांजर नाही, कानाला गोंडे होते. "गोंडे?" म्हणाली, "टोपीला असतात तसे?" मग जरा विचार करून म्हणते, "आणि शेपटी कशी होती?"

ती पहिली.

मी दात्चा शहराच्या रस्त्यावर जन्मभर मिनीबस चालवली. त्या वळणांवर बकऱ्या, गाढवं, दारू प्यालेले नवरदेव, काय काय समोर आलं, मी कधी कुणाला शेपटी विचारली नाही, गपगुमान ब्रेक दाबला. पण चहाच्या दुकानात गेलो आणि माझी अक्कल कुठे गेली होती कोण जाणे, मी तिथे बोललो. झालं. सोंगट्यांचा डाव थांबला. आमच्या गावात कोणी मेलं तरी डाव थांबत नाही, हातातली सोंगटी टाकून मग हळहळतात, पण त्या दिवशी थांबला.

मुख्तार सब्री, म्हणजे आमचा गावप्रमुख, चहात तिसरा साखरेचा खडा टाकत म्हणाला, "रिफ्कीकाका, मला नीट सांगा. शेपटी कशी होती? आखूड असेल तर लिंक्स, डोंगरातलं ते थोराड मांजर. लांब असेल तर बिबट्या." आणि त्या 'बिबट्या' शब्दावर कोपऱ्यातून हुर्शित उठला. हुर्शित म्हणजे आमचा शिकारी. स्वतःच म्हणतो, दुसरं कोणी म्हणत नाही. त्याच्या आजोबांनी म्हणे बिबट्या मारला होता, ती गोष्ट त्याच्या तोंडून एवढ्या वेळा ऐकलीय की मेलेला बिबट्याही कंटाळला असेल. तो माझ्या जवळ आला, आवाज खाली करून म्हणाला, "काका, ठिपके होते ना?"

"नव्हते."

"उन्हात दिसत नाहीत ठिपके. माझे आजोबा सांगायचे. मला शेपटीचं सांगा फक्त."

म्हटलं, अरे, शेपटी मी पाहिली नाही. कान पाहिले. कानाला गोंडे होते. कुणी ऐकायला तयार नाही. कानाबद्दल कुणाला काही विचारायचंच नव्हतं. पूर्ण गाव एका बाजूला, आणि मी दुसऱ्या बाजूला दोन कान घेऊन उभा.

संध्याकाळपर्यंत बिबट्या झाला. मी काही केलं नाही, तो आपोआप झाला. बायकांनी पोरांना घरात कोंडलं. बेकरीवाल्याच्या सासूला तो विहिरीपाशी पाणी पिताना दिसला, आणि त्याला शेपटी होती, आणि शेपटीला ठिपके होते, बाई नीट बघणारी. दुसऱ्या दिवशी हुर्शितने पाच-सहा जण जमवले आणि बंदुका घेऊन निघाले उतारावर झुडपं झोडपत. मीही गेलो मागून, काय करणार, जनावर माझं ना. आणि तुम्हाला सांगतो, ही माणसं पानावर गोळी घालतात. वारा आला, फांदी हलली, धाड. आणि आमच्या घराच्या मागच्या कुंपणावर काहीतरी पिवळं-तांबडं हललं, हुर्शित ओरडला "तो बघा", दोन्ही बार काढले त्याने, आणि धावत जाऊन बघतात तर नादिदेची सतरंजी. धुऊन वाळत घातलेली. तिच्या आईने विणलेली.

नादिदे बाहेर आली. तिने भोकांतून बोट घालून बघितलं, एकेक करून, सगळ्या भोकांतून. मग हुर्शितकडे बघून शांतपणे म्हणाली, "शेपटी कशी होती हो हिची?" तो खाली मान घालून निघाला. पण माझ्याशी ती चार दिवस बोलली नाही. का? तर म्हणे सुरुवात तुम्ही केली.

बरं, तेवढ्यात एक कोंबडी गेली. करडी, चांगली अंडी देणारी. नादिदेला वाटलं शेजाऱ्याचा कुत्रा. मी दुपारी जेवण झाल्यावर काठी घेऊन एकटाच बागेच्या वरच्या टोकाला गेलो, तिथे पडकी पवनचक्की आहे, तिच्या पायाशी करडी पिसं. वाकून आत बघितलं. आणि ती तिथे होती.

हो, ती, माझं जनावर मादी निघालं. आडवी पडलेली, आणि पोटाशी दोन पिल्लं, मुठीएवढी, एकावर एक चढताहेत, पडताहेत. तिने मला बघितलं, कान मागे सपाट केले, आणि दात काढून फिस्कारली. मी पाऊल मागे घेतलं. ती उठली, पिल्लांच्या आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली, आणि मग एका पिल्लाला तोंडात धरून वळली, आत न्यायला.

वळली. तुमच्या लक्षात येतंय का? मी शेपटी पाहिली. आखूड, दीड वीत, साधी, ना ठिपके ना झुबका. एवढ्याशा शेपटीसाठी गावाने माझं डोकं खाल्लं होतं. मी बाहेर दगडावर बसलो, सिगारेट पेटवली. कोंबडीचं वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या सतरंजीची भोकं डोळ्यांसमोरून जाईनात.

आणि घरी येतो तर निरोप. वनखात्याची बाई आलीय, चहाच्या दुकानात बसलीय, रिफ्कीकाकांना बोलवा.

तरुण मुलगी, एब्रू नाव. टेबलावर चित्रं मांडलेली, भोवती सगळा गाव, हुर्शितची बंदूक खुर्चीला टेकवलेली. मुलगी गोड आवाजात म्हणते, "काका, घाई नाही. यातलं कोणतं होतं, बोट ठेवा." बिबट्या, लिंक्स, कोल्हा, रानमांजर... आणि शेवटून दुसरं चित्र, ते. विटेच्या रंगाचं, गोंड्यांसकट. माझी नजर तिथे थांबली असावी, कारण तिने ते चित्र उचललं आणि म्हणाली, "याला काराकुलाक म्हणतात." म्हणजे काळा कान. ऐकलंत? आमच्याच तुर्की भाषेत काळा कान. मी पहिल्या दिवसापासून कान, कान म्हणून घसा कोरडा करतोय, जनावराचं नावच कान, आणि माझ्याच भाषेतल्या माणसांनी मला शेपटी विचारली.

पण बोलायचं कसं? हुर्शित माझ्या खांद्यावरून वाकला होता, त्याचा श्वास माझ्या मानेवर. मी हो म्हटलं असतं, तर संध्याकाळी तो पवनचक्कीपाशी असता.

मी बोट उचललं, कोल्ह्यावर ठेवलं.

मुख्तार हळूच म्हणाला, "काका, शेपटी कशी होती?"

"झुबकेदार," मी म्हटलं.

जे हसले, तुम्हाला सांगतो, चहाचे पेले हलले. आणि हुर्शित तर एवढा चिडला, की आजोबांची गोष्ट न सांगता घरी गेला. ती मुलगी मात्र हसली नाही. चित्रं गोळा करत हळू आवाजात म्हणाली, "काका, या दिवसांत कोल्ह्यांना पिल्लं असतात. जरा लांबूनच बघा." मी म्हटलं, बरं पोरी.

तेव्हापासून मी कोल्ह्याला बिबट्या समजणारा म्हातारा. नादिदेने आमच्या मुलीला फोन केला, मुलीने जावयाला सांगितलं, जावई लेवेंट मोटार घेऊन हजर, चला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टरने अक्षरं दाखवली. शेवटची ओळ मला स्वच्छ दिसत होती, पण नादिदे शेजारी बसलेली. ती वाचून दाखवली असती, तर कोल्हा कुठे राहिला असता? मी तिसऱ्या ओळीपासून अडखळलो. डॉक्टरने मान हलवली आणि हा चष्मा दिला, हा, बाटलीच्या बुडासारखा. दिवसभर लावायचा. नादिदे लक्ष ठेवून असते.

आणि परवा हुर्शित आला, शिडी मागायला. बागेत उभे होतो दोघे. एकदम माझ्या दंडाला धरून हसायला लागला. "काका, तो बघा तुमचा बिबट्या, वर खडकावर उन्हात बसलाय. कोल्हाच आहे, सतरा पिढ्यांचा कोल्हा. काळे कान बघा कसे टवकारलेत." मी वर बघितलं. तुम्हाला सांगतो, त्या चष्म्यातून मला खडकसुद्धा दिसला नाही. म्हटलं, हो रे, तू म्हणतोस तर असेल.