नुसता नॉर्मल श्वास

—न जी, काकाजी, तुम्ही बोलू नका. बोललं की पोट हालते, अन् पोट हाललं की एमआरआयचा फोटो पुसल्यावानी येते. मी विचारीन त्याचं उत्तर मनातल्या मनात द्या, मले चालते. सवय आहे मले. तं काय सांगत होती मी — हां, श्वास. तुमच्या पोटावर तो पट्टा बांधला न, त्याची रेघ इकडं काचेमागं माझ्यासमोर दिसून राहिली. श्वास घेतला की चढते, सोडला की उतरते. अन् तुमच्या रेघेत इतके मोठमोठे पहाड काहून येऊन राहिले म्हणून मी मघापासून डोकं खाजवून राहिली. एक श्वास असा घेता की संपतच नाही, मंग रोखून धरता, मंग सावकाश सोडता. बाहेर तुमच्या पोराले, रोहितले विचारलं तवा समजलं. तुमच्या खापा गावच्या देवळात रोज सकाळी प्राणायामाले जाता म्हणे. मोठ्या कौतुकानं सांगितलं त्यानं. पण बबनरावकाका, तो इथं नाही करायचा. इथं कोणी मार्क देत नाही. मी 'नॉर्मल श्वास घ्या' म्हटलं का तुम्ही तुमचा सगळ्यात चांगला श्वास काढून दाखवता, पाहुण्यापुढं कपाटातले कप काढते तसा. मले चांगला नाही पाहिजे. नुसता नॉर्मल पाहिजे, घरातला.

काहून पाहिजे ते सांगते, म्हणजे तुमच्या मनात राहणार नाही. हे मशीन तुमच्या श्वासाची वाट पाहते. तुम्ही श्वास सोडला, पोट निवांत झालं, का तेवढ्यात ते थोडासा फोटो काढते. मंग पुन्हा थांबते. असं थोडं थोडं करून किडनीकडं जाणारी नस पुरी उमटते. दुसऱ्यांले डायचं, म्हणजे नस उठून दिसाच्या औषधाचं, इंजेक्शन देतात, मंग नस चटकन दिसते — तुम्हाले ते देता येत नाही न, तुमच्या क्रिएटिनिनचा आकडा पाहिला मी. आधीच थकलेल्या किडनीवर कायले अजून ओझं टाकाचं. म्हणून हा बिनइंजेक्शनचा. चार-चार गोळ्या घेऊनही बीपी खाली येत नाही म्हणजे कुठं तरी नस दबली असन, असं डॉक्टरले वाटते. ते पाहाले एवढा एकच सरळ रस्ता आहे, अन् तो तुमच्या श्वासावर आहे. दोनदा काढला, दोन्ही वेळा धुकं आलं. आता तिसऱ्यांदा आला नाही तं मंग डायचा विचार करावा लागन अन् ते कोणालेच नको आहे. तुमच्या गावातले कोणी डायलिसिसवर आहेत, ते पाहून तुम्ही धसका घेतला म्हणे. घाबरू नका असं मी नाही म्हणत. भीती वाटते ती वाटतेच.

आता आवाज सुरू होईन. खटखट, खटखट — होऊ द्या. माझी आई उमरेडची, कोष्ट्याची पोरगी, लहानपणापासून मागावर बसलेली. तिले मी पहिल्यांदा ह्या मशीनचा आवाज मोबाइलवर ऐकवला तं हसाले लागली. म्हणे, हा तं आपला माग आहे वं, धोटा अडकलेला. ती म्हणते, मागावर बसलेलं माणूस श्वासाकडं पाहत नाही. हात आपले चालतात, पाय आपले चालतात, श्वास त्यांच्या मागं मागं येते, गाईमागं वासरू येते तसा. तुम्ही संत्र्याच्या बगिच्याले पाणी देता न, तवा श्वास मोजता का. नाही मोजत. मंग चला, तसे उभे राहा मनातल्या मनात बगिच्यात. पाणी सोडलं आहे, आळं भरून राहिलं, तुम्हाले काही काम नाही. फक्त पाहत राहाचं.

हां. हां, काकाजी — उतरले पहाड. पाहा कशी साधी रेघ चालली. मी बोलून राहिली तं तुमचा श्वास जागेवर येते असं दिसते, मी गप बसली की तुम्ही पुन्हा परीक्षेले बसता. मंग बोलतेच मी, माईक चालू ठेवते. मले काय, बोलाले पैसे थोडीच पडतात. ह्या खोलीत दिवसभर मीच बोलते. श्वास घ्या, श्वास सोडा, हलू नका, झालंच आता — अन् आत माणूस गप. बाहेर काढलं की ते आपल्या लोकांजवळ जाते, घड्याळ घालते, चप्पल घालते, निघून जाते. नमस्कार करतात कोणी कोणी. मंग मी हुडकेश्वरले घरी. नवा लेआउट आहे, शेजारचे दोन प्लॉट अजून रिकामेच, संध्याकाळी कुत्र्यांशिवाय कोणी नाही. आई अन् मी, दोघीच. मिस्टर होते — ते राहू द्या, ते पुण्याचे झाले आता. घरी गेली की आईले सगळं सांगते मी, आज कोण आलं, कोण मशीनमधून घाबरून बाहेर पळालं. तुमच्या प्राणायामाचं आज सांगीन. ती म्हणन, त्या माणसाले कायले हसते वं, मन लावून करते बिचारा. अशीच आहे ती. काल उशीर झाला तं म्हणे, भाजी झाकून ठेवली, पयले जेवून घे, मंग गोष्टी सांग.

थांबा. आता पुरं होऊन राहिलं. अजून थोडंसं —

आलं.

नाही, काही नाही. चांगला आला, एकदम साफ आला, सुरुवातीपासून दोन्हीकडची नस दिसून राहिली. तुम्ही लय चांगलं केलं, काकाजी. मी एक वेळ फिरवून पाहते. उजवी ही, डावी ही — डावी इथं — नाही, मी काही बोलली नाही. मले सांगायचा अधिकार नाही जी. रिपोर्टवाल्या डॉक्टर मॅडम पाहतील, त्या लिहितील, मंग तुमचे डॉक्टर गोळ्या बदलायच्या का अजून काय ते ठरवतील. मी फक्त एवढं म्हणते, सापडलेलं बरं असते. न सापडल्यापेक्षा सापडलेलं कधीही बरं. एवढं तं कोणीही म्हणन.

माझ्या आईचं नाही सापडलं. तिचंही असंच होतं, गोळ्या वाढत गेल्या अन् बीपी आपलं वरच्या वर. कोणी म्हणे मीठ खाते, कोणी म्हणे टेन्शन घेते, कोणी म्हणे जावयाचं मनावर घेतलं. डॉक्टरनं नसेचा संशय घेतला होता, तेवढा चांगला होता तो. पण तिचीही किडनी तुमच्यासारखीच, डाय देता येईना, अन् हा असा फोटो तवा आमच्याकडं नव्हता. मशीन हेच होतं, ह्याच खोलीत, मीच चालवत होती. त्यातलं हे सॉफ्टवेअर नंतर आलं. तं सगळे म्हणाले, वाट पाहू. वाट पाहता पाहता एक दिवस पोळ्या करताना लकवा मारला. उजवा हात गेला अन् बोलणं गेलं. सॉफ्टवेअर आलं तवा कंपनीचा माणूस शिकवाले आला होता, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी बाथरूममध्ये जाऊन रडली. तेव्हापासून असा डाव्या बाजूचा फोटो साफ आला की मले पाहतच राहावंसं वाटते. नस दबते ती जागा एवढुशी तं असते. नखाएवढं. एवढ्यासाठी माणसाची वाचा जाते.

तुमचा श्वास हालला, काकाजी. हालू द्या. आता काही फरक पडत नाही. खरं सांगते, फोटो मघाच झाले. मशीन केव्हाचं बंद आहे, तुमच्या ध्यानात आलंच असन, खटखट थांबली. तुम्हाले तेवढ्यातच बाहेर काढाले पाहिजे होतं मी. पण तुम्ही ऐकून राहिले होते. पट्ट्यावर दिसते ते — माणूस ऐकते का झोपते, रेघेवर दिसते. तुम्ही ऐकत होते. म्हणून बोलत राहिली. बाहेर कोणाले सांगू नका जी.

आली मी आत. थांबा, टेबल बाहेर घेते. सावकाश उठा, एकदम नाही, पयले बसा. हे हेडफोन द्या. पट्टा मी सोडते, तुम्ही हात नका लावू. बसा जरा, डोकं फिरन. आता बोला, आता काही हरकत नाही. मनात ठेवलेलं सगळं बोला. फक्त रिपोर्टचं नका विचारू.

काय म्हणता?

पुन्हा म्हणा.

तुम्ही म्हणजे एकेक शब्द धरून ऐकता, काकाजी. बाकीचे तं मशीनमध्ये आपल्याच काळजीत असतात, त्यांच्या ध्यानात नाही येत. हो, बरोबर आहे तुमचं. आईची वाचा गेली तं मंग काल 'पयले जेवून घे' असं कोण म्हणालं.

मीच म्हणते. तिच्याकडं पाहून तिच्यासारखं म्हणते, अन् मंग जेवते.

चप्पल तिकडं दाराजवळ आहे तुमची. घड्याळ रोहितजवळ आहे. जा, तो केव्हाचा वाट पाहून राहिला असन. अन् तिथं बसलेल्या बाईले म्हणा, आत या.