न बोलावण्यासाठी दारोदार

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या काकांनी, मुलीचं लग्न स्वस्तात करायचं ठरवलं ना, तेव्हाच मला धास्ती वाटली होती. आमच्या प्रकाशा गावी घरामागच्या खळ्यात मांडव, जेवायला वरण-बट्टी आणि माणसं फक्त साठ. त्या साठांना आप्पांनी मोबाइलवर पत्रिका पाठवली. उरलेल्या गावाला वाईट वाटू नये म्हणून मात्र ते टोपी घालून स्वतः घरोघर फिरले.

"भाऊ, लगीन घरमाच शे, साठच मानसे शेतस. राग येऊ देऊ नका."

प्रत्येकाने चहा पाजला, मान डोलावली. आप्पा खूश!

लग्नाच्या दिवशी अख्खं गाव खळ्यात. आप्पांनी एका म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. "बाबा, मी ते 'नही' सांगाले उनू व्हतू!"

"तू सोता टोपी घालीसन घर उना. इतला मान दिधा, मंग नही कसं येवानं?"

आले नाहीत ते फक्त बोलावलेले साठ. त्यांत माझे वडीलसुद्धा, आप्पांचे सख्खे भाऊ. मी त्यांना न्यायला घरी गेलो, तर फुगून ओट्यावर बसलेले.

"सारा गावमा दारोदार फिरना, आन् सख्खा भाऊले मोबाइल?"