वेशीबाहेरची विहीर

हसू नका हं. परवा इथं अमेरिकेत, ट्रॉय गावी, शेजारच्या हान्सरावांनी मला आणि नातीला घरी बोलावून कौतुकानं भिंतीवरचं चित्र दाखवलं. त्यांच्या वाडवडिलांचं जर्मनीतलं गाव, शेकडो वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. वेशीबाहेर टेकडीवर दोन खांब आणि वर आडवं लाकूड.

मी म्हटलं, "भली माणसं हो तुमची! वाटसरूंसाठी गावाबाहेर रहाटाची विहीर ठेवली."

नातीनं माझी बाही ओढली.

"अगं, सांग की त्यांना इंग्रजीत."

"आजोबा, विहीर नाहीये ती. तिथे लोकांना हँग करायचे. अंकलनीच सांगितलंय मला."

कुठं तोंड लपवू असं झालं. हान्सराव विचारतच राहिले, तेव्हा तिनं माझं बोलणं सांगून टाकलं. ते आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले.